मोती, ती एक चूक तू फळ्यावर का राहू दिलीस

मोती,

तुला जाऊन आज चौदा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर रागावलेलोच आहे. कशाबद्दल, ते मात्र मला धड सांगता येत नाही. तू न सांगता गेलास म्हणून, की इतकी वर्षं न सांगता राहिलास म्हणून? का माझा राग माझ्यावरच आहे आणि तू आपला सोयीचा म्हणून तुझ्यावर काढतोय? मला काही समजेनासं झालंय. शाळेत पोरांना उदाहरण घालतो आणि उत्तर माझं मलाच येत नाही, असं या आठवड्यात दोनदा झालं.

परवा वाचनालयाचे चिटणीस घरी आले होते. ओट्यावर बसले, टोपी काढली, जरा वेळ तुझं कौतुक केलं आणि मग विचारलं की मोतीशेठचं नाव पुढच्या वर्षी फळ्यावर लिहायचं का. मी म्हटलं, थांबा जरा. बिचारे चहा न घेताच गेले. त्यांना काय ठाऊक, की फळ्यावर कोणाचं नाव चढवायचं यावरून आपण दोघांनी अठरा वर्षं एकमेकांचं डोकं खाल्लं होतं, आणि दुकानदारांची नावं चढवायची नाहीत हा नियम तूच केला होतास.

तो फळा म्हणजे आपल्या दोघांचं खूळ. वाचनालयाच्या दाराशी टांगलेला, शाळेतून बाद झालेला, मीच आणलेला. त्यावर रोज सकाळी लिहायचं, आजच्या तिथीला कोण कोण थोर माणसं गेली. संत, राजे, सेनापती, कवी, विलायतेतले शास्त्रज्ञसुद्धा. त्यांच्या तारखांवरून तू तिथ्या काढायचास आणि मी त्या तपासायचो. जळगावच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणारा माणूस गिऱ्हाईक ताटकळत ठेवून, बोटाला खडू लावून, फ्रान्सातल्या कोण्या गणित्याची तिथी शोधतोय, याचं लोकांना नवल वाटायचं. तुझ्या घरच्यांना वैताग यायचा. मला मात्र मजा यायची.

एका दिवसावर दोन नावं आली की तुझा आनंद काय सांगावा. तुझं एक ठरलेलं होतं. एकाच दिवशी गेलेली माणसं, मग मध्ये चारशे वर्षं का असेनात, वर एकाच गाडीने जातात. म्हणजे इकडचा बादशहा आणि तिकडचा चांभार संत समोरासमोर बसणार, आणि बादशहाला खिडकीची जागा मिळणार नाही. मेहरूणच्या तलावाकडे फिरायला जाताना तू त्यांची संभाषणं रचायचास. मी म्हणायचो, बाबा रे, वेगवेगळ्या सालांत गेलेली माणसं एका गाडीत कशी बसतील? तू म्हणायचास, मास्तर, वर सालं नसतात, दिवसच असतात.

एक जोडी तर गावात प्रसिद्धच झाली होती. कार्तिक वद्य एकादशी. आमच्याकडचे एक संत आणि तुमच्या मारवाडातले एक संत. नावं इथे लिहीत नाही. लिहिली की कोणीतरी पंचांग काखेत मारून घरी येईल. तुमच्या संतांची तिथी मीच एका हिंदी पुस्तकात वाचली होती आणि मीच फळ्यावर चढवली होती. तुला दाखवली तेव्हा तू जरा वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, असू दे. एरवी माझ्या प्रत्येक अक्षरावर हटकणारा तू, त्या दिवशी तेवढंच म्हणून दुकानात गेलास. मला वाटलं, तुमचा माणूस आमच्या माणसाशेजारी बसला याचंच तुला सुख झालं असेल. पुढे दर वर्षी त्या दिवशी वाचनालयात दोघांच्या तसबिरींना हार घालायचे, सावद्याहून केळ्यांचा घड यायचा आणि मराठी-मारवाडी एका सतरंजीवर बसून भजन म्हणायचे. अकरा वर्षं हे चाललं.

आणि त्याच दिवशी आमच्या घरी दादाचं श्राद्ध असायचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तुला सांगायला नको, पण मी आता स्वतःलाच पहिल्यापासून सांगून बघतोय, कुठे काय चुकलं ते कळावं म्हणून. नरडाण्याला स्टेशनाजवळ तुझ्या काकांची कापसाची पेढी होती. दादा तिथे लिहिण्याच्या कामाला होता. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली घरोघरी माणसं पडली होती, आमच्या घरी मायही पडून उठली होती. उठल्या उठल्या तिने पहिलं काम काय केलं, तर बेसनाचे लाडू वळले, कारण दादाला दिवाळीला रजा नव्हती. वसुबारसेच्या दिवशी आमचे एक मामा सुरतेकडे निघाले होते, त्यांच्याबरोबर तिने डबा दिला. नरडाण्याला गाडी थांबली तेवढ्यात मामांनी खिडकीतून तो तुमच्या पेढीच्या हमालाच्या हातात दिला. हमालाने मान हलवली आणि गाडी सुटली.

मग मार्गशीर्षात तुमच्या मुनीमजींचं कार्ड आलं. ते स्वतः महिनाभर अंथरुणाला खिळले होते, उठून बसता आलं तेव्हा लिहिलं होतं. दादा गेल्याची तिथी त्यात होती, काती वद ग्यारस. काती म्हणजे कार्तिक, ग्यारस म्हणजे एकादशी, हे कोणालाही कळतं. मीच ते कार्ड मायला वाचून दाखवलं. अठरा वर्षांचा होतो. माय रडली, भिंतीवर डोकं आपटलं, सगळं झालं. आणि तिसऱ्या दिवशी तिने बोटांवर दिवस मोजले. वसुबारसेला डबा गेला. कार्तिक वद्य एकादशीला पोरगा गेला. म्हणजे मध्ये महिना होता. ती म्हणाली, पोराने माझ्या हातचं खाल्लं, मग गेला. त्या एका गोष्टीवर ती जेवायला उठली, मोती. मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे पौषात तू दादाची ट्रंक घेऊन आमच्या दारात आलास. विशीतलं पोरगं, डोईचे केस गळालेले, हातपाय काड्यांसारखे. मायने तुला पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, त्याने लाडू खाल्ले का? तू म्हणालास, हो काकी, खाल्ले. मग तिने तुला जेवू घातलं, आणि तेव्हापासून तू आमच्या घरचा झालास. नंतर जळगावात दुकान टाकलंस, लग्न केलंस, पोरंबाळं झाली, पण कार्तिक वद्य एकादशीला आमच्याकडे पानावर बसायचास. लाडू मात्र कधी खाल्ला नाहीस. गोड बाधतं म्हणायचास. बाजारातली जिलबी बाधत नव्हती ती.

गेल्या साली तो दिवस आला. तुमच्या संतांच्या गावाकडचे एक वृद्ध पंडित बाजारात कोणाकडे तरी उतरले होते. आपण मोठ्या हौसेने त्यांना भजनाला बोलावलं. त्यांनी फळा वाचला आणि हसू लागले. म्हणाले, तुमचे महाराज बरोबर आहेत, पण आमच्या महाराजांची तिथी होऊन महिना लोटला. मी तावातावाने हिंदी पुस्तक दाखवलं. त्यांनी मला पोरासारखं समजावून सांगितलं. आम्हा मराठी लोकांचा महिना अमावास्येला संपतो, तुम्हा मारवाड्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच. वद्य लागलं की तुम्ही पुढच्या महिन्यात गेलेले असता आणि आम्ही अजून मागच्याच. आमचं अश्विन वद्य म्हणजे तुमचं काती वद. दिवाळीची अमावास्यासुद्धा तुमच्या लेखी कार्तिकातली.

इतकी वर्षं मारवाड्यांच्या शेजारात राहून, पंचांग पुढ्यात घेऊन बसून, मला हे ठाऊक नसावं. मास्तर म्हणवतो स्वतःला.

लोक हसले, मीही हसलो. म्हटलं, अकरा वर्षं तुमच्या महाराजांना एक महिना फलाटावर बसवून ठेवलं की आपण. आणि हसता हसता तुझ्याकडे पाहिलं. तू हसत नव्हतास. तुझ्या हातात केळ्याचा घड होता आणि तू तो खाली ठेवायचं विसरला होतास. तेव्हा मला ते कार्ड आठवलं.

संध्याकाळी मेहरूणच्या वाटेवर मी तुला विचारलं. तू नाही म्हणाला नाहीस. दादा अश्विन वद्य एकादशीला गेला होता, दिवाळीच्या आधी. वसुबारसेला मामा गाडीत चढले त्याच्या आदल्या दिवशी. डबा आला तेव्हा त्याला पोचवूनही झालं होतं. पेढीवर चौघे तापाने फणफणत होते, तूही त्यांतलाच, चूल पेटवायला कोणी नव्हतं, मुनीमजी भ्रमात बडबडत होते. त्या हमालाने डबा फोडला आणि लाडू पाण्यात कालवून तुझ्या तोंडात घातले. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मास्तर, पाच दिवस मी तुझ्या मायच्या लाडवांवर जगलो. काकींनी विचारलं तेव्हा काय सांगायला हवं होतं?"

कार्डावरची तिथी मुनीमजींनी आपल्या हिशेबाने खरीच लिहिली होती. खोटं कोणीच लिहिलं नव्हतं. घोटाळा आमच्या घरात झाला, आणि तुला तो पहिल्याच दिवशी, मायच्या समोर बसल्या बसल्या समजला. आणि फळ्यावरचं ते नाव? ते तू सरळ करतास तर मी विचारलं असतं की असं का, आणि मग दुसरा प्रश्न दादाचाच आला असता. म्हणून तू, वेलांटी चुकली तरी फळा पुसायला लावणारा तू, अकरा वर्षं दर कार्तिक वद्य एकादशीला फळ्यावरची एक धडधडीत चूक सहन केलीस.

हे मला आता कळतंय. त्या संध्याकाळी कळलं नाही. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात एकच होतं, की पंचवीस वर्षं भावाचं पान मी भलत्याच दिवशी वाढलं. खऱ्या दिवशी आम्ही करंज्या तळत होतो. त्याचा दिवस दारात येऊन उभा राहत होता आणि आम्ही उद्याची म्हणून गायवासराची रांगोळी आखत होतो. मी म्हटलं, मायला सांगायला हवं. तू म्हणालास, नको. मी म्हटलं, धर्म आहे. तू म्हणालास, तिला वाटतंय ते वाटू दे, म्हातारी झाली आता. आणि मग मी ते बोललो. त्यावेळी आजूबाजूला कोणी नव्हतं, त्यामुळे ते फक्त आपल्या दोघांनाच ठाऊक होतं आणि तू गेल्यावर, कालपर्यंत, मला एकट्यालाच.

"तू जगलास, तो मेला, आणि वर त्याचे लाडूही तूच खाल्लेस."

तू थांबलास. धोतराचा सोगा उगाच नीट केलास. मग आपण चालत परत आलो, बाजाराच्या तोंडाशी नेहमीसारखे वेगळे झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू खडू घेऊन फळ्यापाशी हजर. म्हणालास, मास्तर, आज एकच नाव आहे. जणू काही झालंच नाही. अरे, एक थोबाडीत तरी मारायचीस. निदान दोन दिवस बोलायचं नाहीस. मी रोज ठरवायचो की आज म्हणू, मोती, चुकलं माझं. आणि रोज तू काहीतरी तिथीचं काढायचास, आपण त्यावर भांडायचो, आणि ते राहून जायचं. अकरा महिने राहून गेलं. मग अश्विन शुद्ध त्रयोदशीला दुपारी तुझा मुलगा धावत शाळेत आला. तू गादीवर बसल्या बसल्या गेला होतास, पुढ्यात कापडाचा तागा उलगडलेला.

तुझ्या घरच्यांनी तिथी सांगितली, आसोज सुद तेरस. मी सवयीने ताडून पाहिली. शुद्ध पक्ष, म्हणजे तुमचाही महिना तोच आणि आमचाही. आयुष्यभर वाद घातलास आणि जाताना मात्र वादाला जागा ठेवली नाहीस. मला त्यानेही बरं वाटलं नाही. मी स्मशानातून परत आलो आणि फळ्यासमोर उभा राहिलो. त्या दिवशी गेलेलं थोर माणूस एकही नव्हतं. म्हणजे तुझ्या हिशेबाने तू एकटाच गेलास, गाडीत बोलायला कोणी नाही. मला रडू आलं ते तिथे. घरी नाही आलं, चितेपाशी नाही आलं, एका रिकाम्या फळ्यापुढे आलं, आणि बाजारातून जाणारे लोक बघत होते.

आणि मग अश्विन वद्य लागलं. एकादशी जवळ येऊ लागली. दादाची खरी. गेल्या साली तर ती उलटून गेल्यावरच मला कळलं होतं. या साली ती माझ्यासमोर होती आणि तू नव्हतास. सांगू की नको, सांगू की नको. सांगितलं तर मायचा तो एक घास जातो, ज्याच्या बळावर ती इतकी वर्षं उभी आहे. नाही सांगितलं तर दादा पुन्हा महिनाभर ताटकळतो. आणि नाही सांगितलं तर तू तिच्या लेखी एक दुकानदार राहतोस, जो दर वर्षी जेवायला यायचा. मी शास्त्र उघडून बसलो, शास्त्रात हे नव्हतं. तुला विचारावंसं वाटलं, आणि सवयीने टोपीही घातली. दारापर्यंत गेलो.

काल एकादशी होती. माय सकाळी चुलीपाशी बेसन भाजत होती. रेशनची साखर थोडीच मिळाली म्हणून कुरकुरत होती. दिसतं कमी, पण वासावरून तिला पीठ भाजलेलं समजतं. मी जवळ बसलो आणि सगळं सांगितलं. महिन्याचा घोटाळा सांगितला, डबा कधी पोचला ते सांगितलं. तुला मेहरूणला काय बोललो तेही सांगून टाकलं, कारण एकदा सुरुवात केल्यावर मला थांबता येईना. तिचा उलथना चालूच होता. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. मग तिने कढई उतरवली आणि विचारलं, "मंग लाडू कोनी खादात?"

मी म्हटलं, मोतीने. पाच दिवस तेच खाऊन तो वाचला.

ती दादासाठी रडेल, मला बोल लावेल, तुला शिव्या देईल, मी सगळ्याची तयारी ठेवली होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, त्याला जाऊन किती दिवस झाले. मी म्हटलं, तेरा. ती म्हणाली, मग दहा उलटले, तीन दिवसांचं सुतक लागतं, मला अंघोळीला पाणी काढ. मी म्हटलं, माय, तो ना आपल्या जातीचा ना गोत्राचा, त्याचं सुतक आपल्याला नाही लागत. आणि नको तेव्हा शहाणपण करायची माझी खोड तुला माहीत आहे, मी वर दोन आधारही सांगितले.

ती उठता उठता म्हणाली, "तो बी मना पोऱ्या शे. मना हातनं खाईसन वाचना."

तिच्या हातचं खाऊन वाचलास, म्हणून तूही तिचाच पोरगा. तुला मी काय बोललो होतो, तेवढं तिने माझ्याकडेच ठेवलं. तिने डोक्यावरून पाणी घेतलं, मीही घेतलं. भाजलेलं पीठ परातीत तसंच झाकून ठेवलंय. ती आतल्या खोलीत घोंगडीवर बसली आहे, आणि मधूनच तुझ्याबद्दल विचारते. ट्रंक घेऊन आलास त्या दिवशी तुझ्या अंगात ताप होता का, तुला आई कितव्या वर्षी सोडून गेली, असलं काहीतरी. दादाबद्दल कालपासून एक शब्द नाही. मला वाटत होतं मी तिच्याकडून काहीतरी काढून घेणार आहे. आता काय घेतलं आणि काय दिलं, काही कळत नाही बघ. इतकी वर्षं ती तुला जेवू घालत होती ते दादाच्या नावाने, की दादाचं पान तुझ्या नावाने होतं, हेही मला आता सांगता येणार नाही.

मोती, चुकलं माझं. लिहायला इतकं सोपं होतं हे. तोंडाने अकरा महिन्यांत आलं नाही.

आज वसुबारस. गल्लीत सगळ्यांच्या दारात रांगोळ्या आहेत, आमचं दार तेवढं कोरडं. शेजारच्या अक्का मघाशी ओट्याखाली उभ्या राहून विचारत होत्या, सणाच्या तोंडावर हे काय मास्तर, कोण गेलं? मी म्हटलं, भाऊ. त्या घोटाळ्यात पडल्या. म्हणाल्या, अहो, तो तर मानमोडीतच गेला ना, तुम्हाला एकच तर भाऊ होता.

मी म्हटलं, दोन होते.